कळकवाडीनं मांडलेली दुकानं

ये गं संगीता, अशी उंबऱ्याबाहेर का उभी? हिकडं ये, जवळ बस. आधी तुझा कान धरते, मग चहा टाकते. ह्या गुढीपाडव्याला तू पुण्याहून गाडी काढलीस, विंझर मागं टाकलंस, अर्धा चढ चढून माझ्या अंगणाच्या खालच्या माळापर्यंत आलीस आणि तिथून माघारी गेलीस. का, तर फोन म्हणाला रस्ता संपला! अगं, फोन म्हणाला म्हणून रस्ता संपतो का? वाटेत ताजं शेण पडलं होतं, ते दिसलं नाही? शेण असतं तिथं गुरं असतात, गुरं असतात तिथं माणसं असतात. काच खाली करून एक हाक मारायची होतीस. हितं मी पुरणाचं पातेलं पुढ्यात घेऊन बसलेली, आणि माझ्या सख्ख्या बहिणीची लेक बाहेरच्या बाहेर परत.

आणि वर मलाच म्हणतेस, "मावशी, तुझ्या दुकानाचं काहीतरी लिही, आमच्या दिवाळी अंकाला हवंय." लिहिते की. पण मी लेखिका नाही, सातवी शिकलेली बाई आहे. तुझ्याशी बोलत बोलत लिहीन. बाकीच्यांना ऐकायचं असेल तर त्यांनी कान द्यावा.

माझं दुकान विंझरला, एसटी थांबते त्याच्या पलीकडं. पत्र्याचं, पुढं फळी टाकलेली. आधी तिथं माझे मालक घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचे. ते गेल्यावर लोकांना वाटलं, आता बाई कुलूप लावणार. मी कुलूप काढलं ते आजवर लावलं नाही. मोबाईलचं काम मला कुणी शिकवलं नाही. बंद पडलेले फोन उघडले, जोडले, परत बिघडवले, परत उघडले, असं शिकले. सुरुवातीला गडीमाणसं फोन हातात धरून माझ्या डोक्यावरून आत बघायची आणि विचारायची, "मालक कुठायत?" मी म्हणायची, "पुढ्यात बसल्यात. फोन द्या."

ह्या धंद्यातलं एक गुपित सांगते. दुकानात येणाऱ्या फोनातले निम्मे बिघडलेले नसतातच. चार्ज होत नाही म्हणून आणतात. भोकात बघावं तर गिरणीतलं पीठ, खिशातला कापूस आणि गोठ्यातला भुसा. दात कोरायच्या लाकडी काडीनं हळूच काढायचं, झालं काम. टाचणी घालायची नाही, आतलं जोडणीचं पातळ पान मोडतं. पाण्यात पडलेला फोन तांदळात पुरून आणतात, तोही आमचा इंद्रायणी. फोनला काही लागत नाही त्या तांदळाचं. उलट कोंडा आत जातो आणि घरातली बाई आठवडाभर भात रांधताना नाक मुरडते. फोन मंद झाला म्हणतात, तर आत सकाळच्या शुभेच्छांची फुलं खच्चून भरलेली. ती काढायला मात्र जीव होत नाही कुणाचा. "ही व्याह्यांनी पाठीवल्यात, ऱ्हाऊ द्या." राहू द्या तर राहू द्या.

पण अपडेट येतो तेव्हाची गोष्ट निराळी. तेव्हा माझ्या फळीपुढं जत्रा भरते.

अपडेट म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. फोन तोच राहतो, काच तीच, वजन तेवढंच; आतलं डोकं बदलतं. फोन बनवणारे लोक कुठंतरी लांब बसून नवं डोकं पाठवतात. फोन विचारतो, घालू का? आपण भाकरी थापता थापता हो म्हणून जातो. मग सकाळी उठावं तर हिरवं बटण हिकडचं तिकडं, फोटो भलत्याच कप्प्यात. नवी सून घरात आली की फडताळातले डबे हलवते, मिठाच्या जागी साखर ठेवते, ते मी समजू शकते. तिला त्या घरात नांदायचंय. ह्यांना कुठं नांदायचंय?

यंदा शिमग्याच्या सुमाराला मोठा अपडेट आला. पहिल्या आल्या त्या भोरच्या जोशीबाई. माझं जुनं गिऱ्हाईक; सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. भोरातल्या दुकानदारानं त्यांना सांगितलं, बाई, नवा फोन घ्या. त्या म्हणाल्या, नवा घेणार नाही. कापूरहोळला एसटी बदलून, पुढं आणखी एकदा बदलून, पिशवी सावरत माझ्याकडं आल्या आणि फोन फळीवर ठेवून म्हणाल्या,

"शालनताई, पांढऱ्यावर करडी अक्षरं. एवढीशी. ही कुणासाठी केली आहेत? मुंग्यांसाठी?"

मी अक्षरं मोठी करून दिली, काळीभोर करून दिली. त्यांनी लांब धरून वाचून बघितलं. "हे त्यांना आधी नाही सुचलं?"

म्हटलं, "त्यांचे डोळे तरुण हायती, बाई."

"होतील म्हातारे," जोशीबाई म्हणाल्या. चहा पिऊन मगच गेल्या.

त्यांच्यामागून आले आमच्या वाडीचे धोंडीबातात्या. आमची वाडी म्हणजे कळकवाडी, विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. कळक म्हणजे जाडजूड बांबू. वाडीच्या तोंडाशी त्याचं मोठं बेट आहे, त्यावरून नाव. ते बेट तात्यांच्या बांधावरचं. त्याचा एक रिवाज आहे: मांडवाला, शिडीला कळक विकत मिळतो, पण पाळण्याला आणि तिरडीला मागायला आलेल्याकडून तात्या काही घेत नाहीत. त्यांच्या बापानंही कधी घेतलं नाही.

तर तात्या आले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "शालन, माजा फोन याडा झालाय. रोज सांच्याला म्या वट्यावर बसतो, तर ह्यो बोलाय लागतो. बाईच्या आवाजात. म्हंतो, चला, घरी जायची येळ झाली, पाऊण तास लागंल. आगं, म्या घरातच हाय!"

मला आधी हसू आलं, मग घाम फुटला. कारण तात्यांच्या फोनातलं ते घर म्हणजे माझं दुकान होतं.

ते कसं, तेही सांगते. नवा फोन घेतला की मॅप विचारतो, तुमचं घर कुठं? आमच्या डोंगरातल्या वाड्यांत रेंज धड नाही, गल्ली नाही, घरनंबर नाही. खरं घर घालायला जावं तर मॅप म्हणायचा, ठिकाण सापडत नाही. मग मी एक युक्ती काढली. ज्याचा फोन माझ्याकडं सुरू झाला, त्याचं घर म्हणून मी माझं दुकान घालून दिलं. मुद्दाम. कारण कुणी गाडी मागवली, पार्सल मागवलं, पुण्याच्या पाव्हण्यांना "माझं घर" म्हणून खूण धाडली, की ती गाडी येऊन थांबायची नेमकी माझ्या फळीपुढं. मी हातातला पेचकस तसाच धरून बाहेर यायची आणि सांगायची, "हां, सुताराच्यात ना? ओढा ओलांडा, डाव्या हाताला मारुती, तिथनं वर." कैक वर्षं हे बिनबोभाट चाललं. डोंगरातल्या सगळ्या वाड्यांची घरं माझ्या पत्र्याखाली नांदत होती. नव्या अपडेटनं काय केलं, तर मॅपला तोंड दिलं. तो दिवस मावळला की ज्याला त्याला घरी बोलवायला लागला.

तात्यांना हे समजावून सांगितलं तर ते आणखीच घाबरले. "म्हंजी रोज सांच्याला ह्यो मला तुझ्या दुकानाला चल म्हंतोय? आन हौसा शेजारी बसून आइकतीया!"

हौसा म्हणजे त्यांची मंडळी, आमच्या हौसाबाई. बोलायला फटकळ, हाताला हलकी. वाडीतल्या प्रत्येक पोराला पहिली अंघोळ त्यांनीच घातलेली. मी विचारलं, "काय म्हणाल्या हौसाबाई?"

"म्हनली, जावा की मग. भाकरीबी तितंच खावा."

म्हटलं, तात्या, थांबा, आत्ता तुमचं खरं घर घालते, म्हणजे संसार वाचेल. नवा मॅप उघडला. बोटानं विंझरवरनं वर सरकवत नेला. ओढा होता, मारुती होता. पुढं चढ होता. चढाच्या वर आमची कळकवाडी बारीक अक्षरांत असायची, पाऊलभर हिकडंतिकडं का होईना, पण असायची. ती नव्हती. तिथं हिरवागार पट्टा रंगवलेला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजी नाव. आमच्या खालच्या माळावर कुणीतरी बंगल्यांचे प्लॉट पाडलेत, मोठं गेट उभारलंय, त्या प्लॉटांचं नाव. ते नाव मी हितं लिहिणार नाही. त्यांच्या नावाखाली आमचं गेलं, मी त्यांचं का लिहू?

मॅपवरचा पिवळा रस्ता त्या गेटापर्यंत जात होता आणि गपकन थांबत होता. खरं तर गेटाच्या डाव्या बाजूनं, त्यांच्या भिंतीला लागून, कच्चा रस्ता सरळ आमच्याकडं येतो. जीप येते, दुधाचा टेम्पो येतो. पण जुन्या मॅपवर होता तो नव्या मॅपवर नव्हता. ह्याच गेटावरनं तू परत गेलीस, संगीता.

सांजच्याला तात्यांनी ही बातमी वाडीत सांगितली. कट्ट्यावर सगळे जमले. प्रत्येकानं माझ्या हातातल्या फोनात डोकावून बघितलं.

"म्हंजी आपुन न्हाईच?" एकजण म्हणाला.

"न्हाई कशी?" हौसाबाई उसळल्या. "मंग सकाळी म्या भाकऱ्या कुनाला वाडल्या? भुतांना?"

"नसंना का नाव. मतं मागायला येत्यात तवा बरूबर घावतोय," दुसरा म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले. खरं सांगते, तेव्हा मलाही ते फार मोठं वाटलं नाही. आपल्याला काय, आपल्याला आपली वाट ठाऊक आहे.

पण मनीषाचा प्रसंग घडला आणि हसू मावळलं. मनीषा तात्यांची नातसून. माहेर वरवे बुद्रुकचं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं. हे दुसरं, सासरीच करायचं ठरलेलं. नवरा कंपनीत पाळीनं कामाला, तो घरी असेलच असं नाही. म्हणून नसरापूरच्या एका गाडीवाल्याला सांगून ठेवलेलं, फोन केला की यायचं. त्या दिवशी नुसती तपासणी होती. मनीषा नवी साडी नेसून, कागदपत्रं पिशवीत घालून वट्यावर बसली. गाडी येईना. पोरीच्या पायाला सूज, बसवत नव्हतं. दुपार झाली तरी गाडी नाही. मागनं कळलं, ड्रायव्हर नवा होता, मनीषानं फोनवरनं धाडलेल्या घराच्या खुणेवर विसंबून आलेला. तो प्लॉटांच्या गेटापुढं गाडी लावून कितीतरी वेळ वाट बघत होता. तिथं रेंज नाही, म्हणून फोन लागेना. कंटाळून माघारी गेला.

मी मनीषाचा फोन बघितला. अपडेटनंतर मॅपनं तिला विचारलं होतं, तुमचं घर इथं आहे का? आणि खाली त्या प्लॉटांचं नाव. तिला वाटलं, आपल्या शेजारचंच आहे, असेल बरोबर. तिनं हो म्हटलं. माझ्या दुकानातलं तिचं घर उठलं आणि गेटावर जाऊन बसलं.

ती मला म्हणाली, "काकी, ही तपासणी होती म्हणून निभावलं. कळा यायला लागल्यावर गाडी तिथंच जाऊन थांबली, तर मी काय करू?"

तिचा तो चेहरा मला रात्रंदिवस दिसायला लागला. सगळ्यांची घरं परत माझ्या दुकानात आणून बसवणं मला अवघड नव्हतं. मनीषाचं तर मी तिथल्या तिथं बसवलं. पण संगीता, तुला माहितीये, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय. बारीक पेच दिसत नाही, तारेला कथलाचा डाग नेमका जागी बसत नाही. दसऱ्याला दुकान बंद करायचं मी ठरवलंय. मग फळीपुढं येऊन थांबलेल्या गाडीला वाट कोण सांगणार? बंद दार? आणि मनीषाचे दिवस भरतील त्या दिवशी मी नेमकी दुकानात असेनच कशावरून? तेव्हा ठरवलं, आता माझ्या भरवशावर नाही. कळकवाडी परत मॅपवर, तिच्या जागेवर, तिच्या नावानं आली पाहिजे.

जोशीबाईंना फोन लावला. कचेरीत जन्म गेलेला, अर्ज कसा लिहायचा हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! त्या परत एसटी बदलत आल्या, माझ्या स्टुलावर ताठ बसल्या आणि मॅपवाल्यांना सूचना लिहिली. मराठीत एक, इंग्रजीत एक. इथे कळकवाडी नावाची वस्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतात, गेटाच्या डावीकडून रस्ता आहे. काही दिवसांनी उत्तर आलं: आम्ही तुमची सूचना तपासली, ती स्वीकारता येत नाही.

"तपासली?" जोशीबाई उभ्याच राहिल्या. "कोण आलं होतं इथं? कुणी पाहिलं?"

परत लिहिलं. परत तेच. तिसऱ्या खेपेला तर उत्तर इतक्या झटक्यात आलं, की बाईंचा चष्मासुद्धा पुसून झाला नव्हता. त्या म्हणाल्या, "शालनताई, हा माणूस नाही. माणूस नाकारायला तरी थोडा वेळ घेतो. मी चाळीस माणसांच्या कचेरीत बसले आहे."

आम्ही दोघी वाडीत आलो. मनीषानं चहा केला. जोशीबाई फोन चाळत बसलेल्या, आणि अचानक म्हणाल्या, "गंमत बघा. कापूरहोळच्या चौकातलं पंक्चरचं दुकान आहे यात. चहाची टपरी आहे. चपलांचं दुकानसुद्धा आहे. विंझरमध्ये तुमचं दुकान आहे. यांना गाव दिसत नाही, पण दुकान बरोबर दिसतं."

हौसाबाई शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग मांडू की दुकानं."

"कसली दुकानं?"

"घरटी येक तरी. आन दर दुकानाच्या नावात कळकवाडी घाला. बगू किती खोडत्यात."

मी जोशीबाईंकडं बघितलं, जोशीबाईंनी माझ्याकडं. त्या म्हणाल्या, "अर्जात जन्म गेला माझा, पण हे नाही सुचलं." आणि पदर खोचून उठल्याच.

एक गोष्ट मात्र मी पहिल्यांदाच सगळ्यांना बजावली. खोटं दुकान मांडायचं नाही. ज्याच्या घरी जे खरोखर मिळतं तेच लिहायचं. उद्या गिऱ्हाईक आलं आणि ताक नाही निघालं, तर वाडीचं नाव राहिलं काय आणि गेलं काय. मग बसलो ठरवत. मनीषाच्या घरी दोन म्हशी, म्हणून ते झालं कळकवाडी ताक केंद्र. सुताराचं कळकवाडी नांगर दुरुस्ती. एका घरी गावठी अंडी, एका घरी नाचणीचं पीठ, एका घरी ब्लाउज शिवणं. हौसाबाईंचं, कळकवाडी बाळ-बाळंतीण न्हाऊमाखू. तात्यांना विचारलं, तुमचं काय लिहू?

"कळक इक्री लिव्ह. पर त्येच्यात लिव्ह, पाळन्याला आन तिरडीला फुकाट."

"तात्या, तिरडीचं नको हो लिहायला. लोक घाबरतील."

"घाबरू दे. खोटं लिवायचं न्हाई म्हनलीस ना?"

लिहिलं.

पाट्या पाहिजे होत्या. जुन्या पत्र्याचे तुकडे घासले, शाळेच्या रंगकामातला उरलेला निळा रंग मिळाला, अक्षरं जोशीबाईंनी काढली. भोरची बाई, आमच्या वाडीत, पोलक्याला निळा रंग लावून शिडीवर उभी! खाली तात्या शिडी धरून: "बाई, वाईच डावीकडं. न्हाई, तुमच्या डावीकडं."

मॅपवाले इतक्यावर ऐकत नाहीत. ते म्हणतात, रस्त्यापासून दुकानापर्यंत चालत जाऊन चित्रफीत काढा, पाटी दाखवा. तर मी फोन धरून चालायची. प्रत्येक घराची वेगळी. तात्यांच्या चित्रफितीत तात्यांपेक्षा बोकडच जास्त आलाय. तो माझा पदर सोडेना. हौसाबाई पाटीखाली अशा उभ्या राहिल्या, जणू कुणी त्यांना अटक करायला आलंय. वाडीत भरवशाची रेंज एका खडकावरच येते; मग ते सगळं घेऊन तिथं जाऊन बसायचं आणि धाडायचं. काही नाकारली. नाकारलेली परत काढली. हळूहळू एकेक दुकान मॅपवर उगवायला लागलं. पहिलं उगवलं ते ताक केंद्र, आणि त्याच्यामागून, बघ, गेटापासून आमच्या अंगणापर्यंत एक बारीक करडी रेघ. रस्ता आला! मनीषानं ती रेघ बोटानं चारदा वरखाली केली.

आणि मग खरोखरच गिऱ्हाईकं यायला लागली, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सायकलवाले पहिले आले. घट्ट कपडे, घामानं निथळलेले, "ताक केंद्र कुठं आहे?" मनीषानं तांब्या भरून दिला. त्यांनी तिथंच बसून मॅपवर शेरा लिहिला. आजवर आमची माणसं फोनवर तक्रारी करत होती; आता फोनवरनं आमच्यावर शेरे यायला लागले. मी ते रोज मोठ्यानं वाचून दाखवायची. एकानं लिहिलं, ताक उत्तम, कुत्रं भुंकतं. एकानं लिहिलं, आजी रागावल्या पण भाकरी वाढली. तात्यांना कुणीतरी पाचातल्या तीन चांदण्या दिल्या. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही त्यांना.

"तीन? काय खोट निगाली माज्यात?"

"त्यानं लिहिलंय, मालक जास्त बोलतात."

"खरंय त्याचं," हौसाबाई आतनं म्हणाल्या. "म्या दोनच दिल्या आसत्या."

मग एक दिवस प्लॉटवाल्यांचा माणूस आला. पांढरा शर्ट, काळा गॉगल. बोलायला अगदी गोड. म्हणाला, "मावशी, तुमच्या ह्या सतरा दुकानांमुळे आमच्या कस्टमरचा गोंधळ होतो. इथे शांत निसर्ग आहे म्हणून ते प्लॉट घेतात, आणि मॅप उघडला की न्हाऊमाखू आणि नांगर दुरुस्ती! मी सांगतो, एक काय ते दुकान ठेवा, बाकीची काढून टाका. तुमचा एक छान बोर्ड मी स्वतः करून देतो."

मी म्हटलं, "दादा, तुमचं नाव त्या डोंगरावर लिहिलं तेव्हा आम्हाला विचारायला कुणी आलं होतं का?"

"ते मी नाही लिहिलं मावशी, ते आपोआप होतं."

"मग हेही आपोआपच झालं म्हणायचं."

तो गॉगल काढून हसला. माणूस वाईट नव्हता. नोकरी करत होता. मनीषानं ताक दिलं, ते प्याला. आणि जाताना तात्यांना विचारून गेला, गेटाजवळ मांडव घालायचाय, कळक मिळतील का? तात्यांनी दिले. विकत.

श्रावणातल्या सोमवारी माझं दुकान बंद असतं. मी घरी भगर निवडत बसले होते, तेवढ्यात हौसाबाईंची हाक आली. मनीषाला कळा सुरू झाल्या होत्या, आणि सांगितलेल्या दिवसांच्या आधीच. नवरा पाळीवर. मी खडकाकडं धावले, ह्या वयात, चिखलात, आणि नसरापूरच्या गाडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, नेहमीचा ड्रायव्हर बाहेरगावी गेलाय, दुसऱ्याला धाडतो. दुसरा म्हणजे परत नवा! मी म्हटलं, त्याला सांगा, कळकवाडी ताक केंद्र. दुसरं काही सांगू नका. आणि एवढ्यात रेंज गेली.

आता वाट बघण्याशिवाय काही नव्हतं. सगळी वाडी कळकाच्या बेटापाशी गोळा झाली. मनीषाला आम्ही खुर्चीत बसवून तिथवर आणलं. बारीक पाऊस, कळकाची पानं सळसळतायत, पोरगी दात आवळून बसलेली, हौसाबाई तिची पाठ चोळतायत. तात्या पुढं वळणावर उभे, हात कपाळाला लावून. माझ्या मनात एकच, गाडी गेटापुढं थांबली असली तर? करडी रेघ परत पुसली असली तर?

मग चढावर गिअर बदलल्याचा आवाज आला. तात्यांनी टोपी काढून हवेत हलवली.

गाडी बेटापाशी थांबली. ड्रायव्हरनं काच खाली केली, फोनात बघितलं, मग आमच्या घोळक्याकडं बघितलं आणि विचारलं, "ताक केंद्र हेच का?"

"ताक मागनं पी, मुडद्या," हौसाबाई ओरडल्या, "आदी गाडी वळीव!"

मुलगी झाली. दवाखान्यात, वेळेवर, दोघी सुखरूप. ताक द्यायला मनीषा घरात नव्हती, म्हणून त्या ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी मीच बोलावून पाजलं. त्यानं पाच चांदण्या दिल्या आणि शेरा लिहिला: लोक घाईत असतात.

पाळण्याचा कळक तात्यांनी स्वतः तोडला. निवडून निवडून तोडला. सुतारानं पाळणा केला. हौसाबाईंनी पहिली अंघोळ घातली. बारशाला जोशीबाई भोरहून आल्या, निळा रंग पडलेलं तेच पोलकं घालून. म्हणाल्या, "हा डाग मी काढणार नाही."

मॅपवाल्यांनी आमच्या वाडीचं नाव अजूनही लिहिलेलं नाही, संगीता. आजच सकाळी बघितलं. डोंगरावर त्यांचं ते इंग्रजी नाव अजून तसंच आहे. पण त्याच्या वरच्या अंगाला आता कळकवाडी ताक, कळकवाडी अंडी, कळकवाडी नांगर, कळकवाडी न्हाऊमाखू अशी दाटी झालीय, की अक्षरावर अक्षर चढतंय. एकदा लिहा म्हणून हात जोडले होते. ऐकलं नाही. आता घ्या.

उद्या नवा अपडेट येईल, फोनला परत नवं डोकं बसेल, आणि कदाचित हेही पुसलं जाईल. पुसू देत. निळा रंग डब्यात शिल्लक आहे. मी दुकान बंद करणार आहे, तोंड नाही. पाळणा हलवता हलवता मनीषा माझ्याकडनं काम शिकतेय; पेचकस, काड्या, भिंग, सगळं तिच्या हवाली केलंय. दसऱ्यापासून ताक केंद्रात फोनही दुरुस्त होतील. पाटी रंगवून तयार आहे.

तर आता तू ये. दिवाळी इथंच कर, भात निघालेला असेल, नव्या तांदळाचा गरम भात आणि मनीषाचं ताक. फोनला विचार, कळकवाडी ताक केंद्र. गेटाशी आलीस की घाबरू नकोस. तिथला वॉचमन परभणीकडचा आहे, आता रोज आमच्याकडं ताकाला येतो, तोच हात करून डावीकडं दाखवेल. कळकाचं बेट दिसलं की गाडी लाव आणि फोन पर्समध्ये टाक. पुढं चालत ये, हाक मारत. पोर पाळण्यातच आहे अजून. ती रांगायला लागायच्या आत ये गं.